नाव सावकाश घ्यावे

मोरचुदाचा एक खडा मनासमोर आणा. खरा खडा हाती घ्यायची गरज नाही. मोरचूद विषारी आहे, आणि आज आपल्याला फक्त लक्ष द्यायचे आहे. द्राक्षबागायतदाराकडे तो पोत्यात असतो, शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत. रंग दोन्हीकडे एकच, गर्द निळा. उजेडात धरला तर कडेने आतपर्यंत उजळणारा. त्याच्या बाजू सपाट आहेत, पण तिरप्या. कुठेही नीट काटकोन सापडत नाही. त्या बाजू कोणी तासलेल्या नाहीत. पाणी हळूहळू उडून गेले आणि त्या आपोआप तशा झाल्या.

थोडा वेळ फक्त पाहा. अजून त्याला काहीही म्हणू नका.

आता पहिले नाव येऊ द्या. मोरचूद. हे नाव घेतल्यावर काय काय जागे होते ते पाहा. रंग आठवतो, काष्ठौषधी विकणाऱ्याचे दुकान आठवते, ‘हात लावू नको’ ही ताकीद आठवते. खडा ओळखायला हे नाव पुरेसे आहे. दुकानात हे नाव सांगितले तर हीच वस्तू मिळते, दुसरी मिळत नाही. नावाचे पहिले काम तेवढेच असते, बोट दाखवणे. हिराकस, तुरटी, नवसागर, टाकणखार, शेंदूर, सोरा ही नावे पिढ्यान् पिढ्या हे काम चोख करत आली आहेत. खडा कशाचा बनला आहे हे ती सांगत नाहीत, कारण तसे कोणी त्यांना विचारलेच नव्हते.

वर्गीकरणही नेहमी एखाद्या प्रश्नाला दिलेले उत्तर असते. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात खनिजांचे आठ-आठांचे गट आहेत. मोरचूद तिथे सस्यक या नावाने महारसांत बसतो. हिराकस, म्हणजे कासीस, आणि तुरटी, म्हणजे कांक्षी, ही दोन्ही गंधक आणि हरताळाच्या शेजारी उपरसांत. नवसागर आणि हिंगूळ साधारण रसांत. आजच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे विचित्र वाटेल. मोरचूद, हिराकस आणि तुरटी ही तर तिन्ही सल्फेटे, मग ती वेगवेगळ्या घरांत का? पण ग्रंथकर्त्यासमोर प्रश्न निराळा होता. त्याच्या विद्येच्या मध्यभागी पारा होता, आणि पाऱ्यावरच्या संस्कारांत कोणाचा किती उपयोग, हे त्याला ठरवायचे होते. त्या प्रश्नापुढे ही मांडणी सुसंगत आहे. कोणतीही वर्गवारी समोर आली की घाईने बरोबर-चूक ठरवण्याआधी एवढे विचारून पाहावे: मांडणाऱ्याने काय विचारले होते?

खड्याकडे परत या. युरोपात याच खड्याला निळे व्हिट्रिऑल म्हणत. हिराकस हे हिरवे व्हिट्रिऑल, जस्ताचा तसाच दिसणारा क्षार पांढरे व्हिट्रिऑल. काचेसारखी चमक पाहून केलेला हा गट होता. केवळ नजरेच्या बळावर केलेली ही जुळणी पुढे खरी ठरली, कारण तिन्ही सल्फेटेच निघाली. प्रत्येक वेळी असे झाले नाही. अँटिमनीच्या क्लोराइडला ‘अँटिमनीचे लोणी’ म्हणत, कारण ते मऊ आणि सहज वितळणारे. जस्ताच्या ऑक्साइडला ‘जस्ताची फुले’, कारण ते जळत्या जस्तावरून पांढऱ्या पिसांसारखे उडे. सल्फ्युरिक आम्लाला ‘व्हिट्रिऑलचे तेल’, कारण ते दाट ओघळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९च्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत या नावांवर स्पष्ट आक्षेप घेतला आहे. खनिजांच्या राज्यात लोणी, तेल, फुले असे काही नसते, आणि ज्यांना ही गोड नावे दिली आहेत ते पदार्थ जहाल विष आहेत, असे त्याचे म्हणणे होते.

या आक्षेपापाशी थोडे थांबावेसे वाटते. नाव दिशाभूल करू शकते, आणि तीही सौम्य, घरगुती शब्दांनी, हे त्याला बोचत होते. या आक्षेपाच्या दोन वर्षे आधी, १७८७ मध्ये, पॅरिसमध्ये चौघांनी मिळून रासायनिक नावांची नवी पद्धत छापली होती. गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुवा. सुरुवात गितोंने केली होती. तो दिजोंचा, पेशाने वकील. १७८२ मध्येच त्याने सुधारणेचा आराखडा मांडला होता. चौघांची मागणी साधी होती. पदार्थ ज्यांपासून बनला आहे तेच त्याचे नाव असावे. शोधणाऱ्याचे नाव नको, गावाचे नको, ग्रहांचे नको. तोवर लोखंडाला मंगळ, तांब्याला शुक्र, शिशाला शनी म्हणायची किमयागारांची रीत चालू होती.

आता खड्याला दुसरे नाव द्या. कॉपर सल्फेट.

सावकाश म्हणा. कॉपर. इथे तांबे आहे. डोळ्यांना दिसत नाही, तांब्याचा लालसर रंग या निळाईत कुठेच नाही. तरी ते आहे, आणि हे नुसते मानून घ्यावे लागत नाही. बोर्डो मिश्रण करणारे बागायतदार ते रोज पाहतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, हे एक टक्क्याचे प्रमाण. फ्रान्समधल्या बोर्दो परगण्यात १८८५च्या सुमारास मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवड्यासाठी, म्हणजे आपल्याकडचे शेतकरी ज्याला डाऊनी म्हणतात त्या रोगासाठी, ते पुढे आणले आणि ते नाशिक-सांगलीच्या बागांपर्यंत पोचले. मिश्रण तयार झाले की त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून निवळी घालायची. तो तांबूस थर म्हणजे खरेखुरे तांबे. निळ्या पाण्यातून ते विळ्यावर उतरले. आणि त्याच्या जागी कोण गेले? विळ्याचे थोडे लोखंड पाण्यात उतरले. सल्फेट होते तसेच राहिले, त्याच्यासोबतचा धातू बदलला. मोरचुदाच्या पाण्यात त्या क्षणी किंचित हिराकस तयार झाला. जुन्या नावांत ही घटना सांगायची तर दोन असंबद्ध वस्तूंची अदलाबदल म्हणून सांगावी लागते. नव्या नावांत ती वाचता येते: कॉपर सल्फेट होते, आयर्न सल्फेट झाले.

सल्फेट. आता या शब्दाच्या शेवटाकडे लक्ष न्या. तो ‘एट’ने संपतो. ‘आइड’ असता तर गंधकाबरोबर ऑक्सिजन नाही असा अर्थ झाला असता. सल्फाइड, हिंगुळासारखे, नुसता धातू आणि गंधक. ‘आइट’ असता तर ऑक्सिजन आहे, पण कमी. ‘एट’ म्हणजे जास्त. एका गंधकाभोवती चार ऑक्सिजन. सल्फाइटमध्ये तीन. एका अणूचा फरक शब्दाच्या एका स्वरात मावला आहे.

तो स्वर नीट ऐकू येणे किती महत्त्वाचे, याचे उदाहरण कोलकात्याचे आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रफुल्लचंद्र राय पाऱ्यावर थंड, सौम्य नायट्रिक आम्लाची क्रिया करत होते. तळाशी पिवळे स्फटिक जमले. नायट्रिक आम्ल वापरले म्हणजे नायट्रेट मिळणार, ही सहज अपेक्षा. विश्लेषणात ते नायट्राइट ठरले, मर्क्युरस नायट्राइट, आणि १८९६ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. पुढची कित्येक वर्षे त्यांनी नायट्राइटांच्या अभ्यासाला दिली. पिवळा रंग पाहून त्यांनी ओळखीचे नाव चिकटवले असते तर त्या स्फटिकांत काय होते ते कळलेच नसते. याच राय यांनी भारतीय रसशास्त्राचा दोन खंडांचा इतिहास लिहिला, पहिला खंड १९०२ मध्ये. सस्यक आणि कासीस यांच्यावर आणि नायट्राइटच्या ‘आइट’वर एकाच माणसाने सारख्याच निष्ठेने मेहनत घेतली, याचा मला फार आदर वाटतो.

आणखी आत जाऊ. कॉपर म्हटले, पण कोणते कॉपर? तांबे दोन प्रकारे संयुगांत येते. लाल ऑक्साइडात ते एक इलेक्ट्रॉन सोडून बसलेले असते, काळ्या ऑक्साइडात दोन. जुन्या पद्धतीने पहिल्याला क्युप्रस, दुसऱ्याला क्युप्रिक म्हणतात. लोखंडाचे फेरस आणि फेरिक तसेच. लोहाच्या गोळीच्या पाकिटावर फेरस सल्फेट असे छापलेले तुम्ही पाहिले असेल. तोच हिराकस, औषधाच्या शुद्धतेचा. त्यातला ‘फेरस’ हा शब्द उगीच नाही, कारण आतडी लोखंड त्या अवस्थेत अधिक सहज शोषतात. हिराकसाचे हिरवट खडे उघड्यावर ठेवले की पिवळट-तपकिरी पापुद्रा धरतात, हवेतल्या ऑक्सिजनने फेरसचे फेरिक होऊ लागते. लोखंड तेच, सल्फेट तेच, तरी नाव बदलावे लागते, कारण वागणूक बदलली.

पण ‘अस’ आणि ‘इक’ एवढेच सांगतात की एक कमी, एक जास्त. किती कमी, किती जास्त, ते सांगत नाहीत. क्युप्रस म्हणजे एक, फेरस म्हणजे दोन. क्युप्रिक म्हणजे दोन, फेरिक म्हणजे तीन. प्रत्येक धातूचे वेगळे पाठ करायचे. आणि एखादा धातू चार-पाच अवस्थांत येत असेल तर दोन प्रत्यय कुठे पुरणार? १९१९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टोक यांनी सुचवले की प्रत्यय सोडून द्या आणि धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहा. आपला खडा झाला कॉपर, कंसात दोन, सल्फेट. आज रसायनशास्त्रात बहुतेक ठिकाणी तीच पद्धत आहे.

श्टोक यांचे काम बोरॉन आणि सिलिकॉनच्या हायड्राइडांवर होते. ती संयुगे हवा लागताच पेट घेतात. म्हणून श्टोक बंद काचेच्या नळ्यांमध्ये, निर्वातात काम करत, आणि त्या नळ्यांच्या झडपा पाऱ्याच्या असत. वर्षानुवर्षे त्या खोलीतली पाऱ्याची वाफ त्यांच्या शरीरात जात राहिली. डोकेदुखी, विस्मरण, थकवा. कारण कळले तेव्हा त्यांनी ते लपवले नाही. १९२६ मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर त्यांनी सविस्तर लेख लिहिला आणि इतर प्रयोगशाळांना सावध केले. कोणत्या अणूवर किती प्रभार हे कंसात मांडायला शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या शरीरावर झालेला परिणामही तितक्याच नेमकेपणाने नोंदवला. कंसातला तो अंक लिहिताना मी क्षणभर थांबतो.

आता मनातल्या खड्याला मंद आच द्या. परीक्षानळीत, तिरपी धरून. नळीच्या तोंडाशी वाफेचे थेंब जमतात. निळा रंग फिका होत जातो, आणि शेवटी नळीच्या तळाशी पांढरी भुकटी उरते. तांबे गेले नाही, सल्फेट गेले नाही. गेले ते पाणी, आणि पाण्याबरोबर निळाई. तो कोरडा, कठीण खडा शंभर ग्रॅमचा असता तर त्यात सुमारे ३६ ग्रॅम पाणी होते. तांबे त्याहून कमी, साडेपंचवीस ग्रॅमच्या आसपास. आपण ज्याला तांब्याचा क्षार म्हणत होतो त्यात तांब्यापेक्षा पाणी अधिक होते.

म्हणून नाव पुन्हा लांबवावे लागते. कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. एका तांब्यामागे पाण्याचे पाच रेणू. त्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब सोडा. ती तापते आणि पुन्हा निळी होते. नाव पुन्हा बदलले. आणि ती पाच पाणी एकदम जात नाहीत. दोन आधी जातात, मग दोन, आणि शेवटच्यासाठी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते. पाच हा आकडा पाच सारख्या सोबत्यांचा नाही, हे त्यांच्या जाण्यावरूनच कळते.

हा ‘कोण कुठे आहे’चा प्रश्न नामकरणात उशिरा शिरला. तो आणला आल्फ्रेड व्हेर्नर यांनी, आणि तो तांब्यावर नव्हे, कोबाल्टवर. इथे थोडे रेंगाळू. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांच्यापासून विलक्षण रंगांचे क्षार बनत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एद्मों फ्रेमी यांनी त्यांना रंगांचीच लॅटिन-ग्रीक नावे दिली होती, पिवळा म्हणजे ल्युटिओ, जांभळा-तांबडा म्हणजे पर्प्युरिओ, हिरवा म्हणजे प्रासिओ. म्हणजे १७८७ची क्रांती होऊन अनेक दशके उलटल्यावरही, घटक नेमके मोजता येत असूनही, रसायनशास्त्रज्ञ पुन्हा रंगावर आले. त्यांचा दोष नव्हता. नुसते घटक मोजून ही संयुगे उलगडतच नव्हती. घटक मोजले की पिवळ्यात एका कोबाल्टमागे सहा अमोनिया आणि तीन क्लोरीन. जांभळ्यात पाच अमोनिया, क्लोरीन तेवढेच तीन. हिरव्यात चार, क्लोरीन पुन्हा तीन. पण सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घातले की पिवळ्यातले तिन्ही क्लोरीन पांढरा साका होऊन खाली बसतात, जांभळ्यातले दोनच, हिरव्यातला एकच. बाकीचे कुठे लपतात?

१८९३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, व्हेर्नर यांनी उत्तर मांडले. कोबाल्टभोवती सहा जागा आहेत. सहाही जागी अमोनिया असेल तर तिन्ही क्लोरीन बाहेर, मोकळे. एक अमोनिया कमी झाला की त्याच्या जागी एक क्लोरीन आत येऊन कोबाल्टला धरतो, आणि मग तो चांदीला सापडत नाही. आता पिवळ्या क्षाराचे आजचे नाव तुकड्यातुकड्याने घ्या. हेक्सा: सहा. ॲमाइन: अमोनिया, आतला. कोबाल्ट, कंसात तीन: मध्यभागी कोण, आणि त्याने किती सोडले. मग एक छोटी जागा, जिथे श्वास घेता येतो. आणि क्लोराइड: बाहेर असलेला. जांभळ्यात एक क्लोरीन आत गेला की तो नावातही आत सरकतो: पेंटा-ॲमाइन-क्लोरिडो-कोबाल्ट, कंसात तीन, आणि जागा सोडून क्लोराइड. एकच मूलद्रव्य एका नावात दोनदा, एकदा आत, एकदा बाहेर, आणि दोन्ही ठिकाणी वेगळ्या रूपात. मधली ती कोरी जागासुद्धा काही सांगते. मला नामकरणाच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

व्हेर्नर यांच्या मांडणीतून आणखी एक निघत होते. चार अमोनिया आणि दोन क्लोरीन असे सहा जण अष्टफलकाच्या टोकांवर बसवले, तर दोन क्लोरीन एकमेकांशेजारी बसतील किंवा समोरासमोर. तिसरा प्रकार शक्यच नाही. म्हणजे घटक अगदी तेच असलेली दोन वेगळी संयुगे असली पाहिजेत. हिरवे सापडलेले होते. दुसरे, जांभळट, १९०७ मध्ये व्हेर्नर यांच्याच हाताने तयार झाले. कोपनहेगनचे योर्गेन्सन, ज्यांनी वर्षानुवर्षे त्यांच्याशी वाद घातला होता आणि ज्यांच्या काटेकोर प्रयोगांवरच व्हेर्नर यांची इमारत उभी होती, त्यांनी तेव्हा विरोध सोडला. त्या दोन संयुगांच्या नावांत आज सिस आणि ट्रान्स एवढाच फरक असतो.

हे पाहून पुन्हा निळ्या खड्याकडे वळा. १९३४ मध्ये बीव्हर्स आणि लिप्सन यांनी क्ष-किरणांनी त्याची आतली रचना उलगडली. पाण्याचे चार रेणू तांब्याला चौकोनात धरून बसलेले. वर आणि खाली सल्फेटांचे ऑक्सिजन. पाचवे पाणी तांब्याला शिवतच नाही, ते बाजूला, हायड्रोजन बंधांनी सल्फेटांशी आणि शेजारच्या पाण्यांशी अडकलेले. म्हणून काटेकोर नाव हवे असेल तर टेट्रा-ॲक्वा-कॉपर, कंसात दोन, सल्फेट मोनोहायड्रेट. पाणी दोनदा आले, कारण ते दोन प्रकारे आहे. वर-खालचे सल्फेट एका तांब्याला पुढच्या तांब्याशी जोडत जातात, ते मात्र या नावातही आले नाही. बाटलीवर अजून पेंटाहायड्रेटच लिहितात, दुकानात मोरचूदच म्हणतात. तिन्हींतले कोणतेही खोटे नाही. प्रत्येकाने खड्यापासून वेगवेगळ्या अंतरावर उभे राहून पाहिले आहे.

काही नावे मात्र खरोखर मागे राहून जातात. कृषी सेवा केंद्रात जा. भिंतीला रचलेल्या पोत्यांवर वाचा: म्युरेट ऑफ पोटॅश. शेतकरी त्याला एमओपी म्हणतात, केळीला, उसाला घालतात. आत आहे पोटॅशियम क्लोराइड. मग म्युरेट कोण? हा १७८७च्या त्या चौघांच्या यादीतला शब्द आहे. मिठापासून निघणाऱ्या आम्लाला ते म्युरिॲटिक आम्ल म्हणत. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच, अशी लाव्हाझिएची खात्री होती, म्हणून याही आम्लात तो असणार आणि त्याच्यासोबत अजून न सापडलेले एखादे मूलद्रव्य असणार, असे धरून चालले होते. हम्फ्री डेव्हींनी १८१० मध्ये दाखवून दिले की तिथे ऑक्सिजन नाही. हायड्रोजन आहे आणि दुसरे एक मूलद्रव्य, ज्याला त्यांनी क्लोरीन म्हटले. म्युरेट हा शब्द पुस्तकांतून गेला. खताच्या व्यापारात तो टिकला. दोन शतकांपूर्वीचा एक प्रामाणिक अंदाज जळगावच्या केळीच्या बागेत आजही पोत्यातून ओतला जातो.

त्याच दुकानात दुसरे पोते पाहा. १०:२६:२६. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. पण दुसरा आणि तिसरा आकडा शुद्ध फॉस्फरस आणि शुद्ध पोटॅशियमचे नाहीत. ते त्यांच्या ऑक्साइडांचे आहेत, फॉस्फरस पेंटॉक्साइड आणि पोटॅशियम ऑक्साइड. पोते उघडून शोधले तर यांतले एकही ऑक्साइड सापडणार नाही. ती मोजायची रीत आहे. बर्झेलिअस आणि त्यांच्या काळातले रसायनशास्त्रज्ञ क्षाराकडे दोन ऑक्साइडांची जोडी म्हणून पाहत, एक आम्लाकडचे, एक आम्लारीकडचे, विरुद्ध विद्युत्प्रभारांनी एकत्र आलेले. ती कल्पना मागे पडली, तिचा हिशोब राहिला. २६ टक्के म्हणजे प्रत्यक्षात फॉस्फरस ११.३ टक्क्यांच्या आसपास, पोटॅशियम २१.६ टक्क्यांच्या आसपास. पोत्यावरचा आकडा फसवा नाही, बहुतेक देशांनी तोच पाळला आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या घामाचे पैसे त्यात जातात त्याला हे कोणीतरी नीट सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

ऑक्साइडांची गोष्ट निघाली म्हणून थोडे वर्गवारीबद्दल. शाळेत शिकवतात की धातूंची ऑक्साइडे आम्लारीधर्मी, अधातूंची आम्लधर्मी. मग ॲल्युमिनियम आणि जस्त यांची ऑक्साइडे येतात आणि दोन्हीकडे विरघळतात. आम्लासमोर ती आम्लारीसारखी वागतात, तीव्र अल्कलीसमोर आम्लासारखी. त्यांना उभयधर्मी म्हणतात. हा अपवादांचा कप्पा समजू नका. आम्ल आणि आम्लारी ही नावे मुळात समोर कोण आहे ते पाहून द्यायची आहेत, हे या ऑक्साइडांमुळे उघड दिसते, इतकेच.

आता शेवटचा पदार्थ तुम्ही स्वतः उलगडा. तुरटी. मोरचुदासारखा याला रंग नाही, म्हणून नावाकडेच अधिक लक्ष जाईल. पूर्ण नाव पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट डोडेकाहायड्रेट. दोन धातू, एक ऋण मूलक. पोटॅशियमचा धनप्रभार एक, ॲल्युमिनियमचे तीन, मिळून चार. सल्फेटचा ऋणप्रभार दोन. मग सल्फेट किती लागतील? नावात ‘दोन’ हा शब्द नाही, तरी हिशोबाने तो निघतो. बोलून दाखवायची गरज नसलेले नाव गाळते. डोडेका म्हणजे बारा. बारा पाणी, सहा ॲल्युमिनियमभोवती, सहा पोटॅशियमभोवती. शंभर ग्रॅम तुरटीत सुमारे साडेपंचेचाळीस ग्रॅम पाणीच. ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम बसवा. स्फटिकाचा आकार तोच राहतो, रंग गर्द जांभळा होतो, आणि त्यालाही रसायनशास्त्रात क्रोम ॲलमच, म्हणजे क्रोमची तुरटीच, म्हणतात, ॲल्युमिनियमचा कणही नसताना. एका पदार्थाचे नाव इथे कुळाचे नाव झाले.

पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवा. ॲल्युमिनियम पाण्यातल्या बायकार्बोनेटांशी मिळून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे लिबलिबीत कण करते. मातीचे बारीक कण त्यांत अडकतात आणि तळाशी बसतात. खालच्या गाळात जे आहे त्याला आता तुरटी म्हणता येणार नाही. वरच्या निवळीत पोटॅशियम आहे आणि सल्फेटही आहे. त्याला पोटॅशियम सल्फेट म्हणावे का? पाण्यात ते जोडीने नाहीत. सुटे सुटे आयन आहेत, प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू, आणि सोबतीला विहिरीचे स्वतःचे कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड. कोण कोणाचा क्षार हे त्या क्षणी ठरलेले नाही. पाणी आटवत नेले, स्फटिक धरू लागले, तर ते ठरत जाईल, आणि त्यांतला जो आधी बाहेर पडेल त्यालाच आधी नाव द्यावे लागेल.